ब्युनोस आयर्सच्या मिलोंग्यात पहिल्यांदा जाताना: काय पाळायचं, काय बदललंय

अर्जेंटिनात जाऊन टँगो नाचायचा बेत केलात की दोन टोकांचे सल्ले कानावर पडतात. एक म्हणतो, जुने नियम आता कुणी पाळत नाही, बिनधास्त जा. दुसरा म्हणतो, बाईने खाली मान घालून बसायचं आणि पुरुषाने सुटाशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. यातला कुठलाही एक सल्ला पूर्ण मानला तर पहिली रात्र खुर्चीवर बसून जाते. म्हणून हा लेख. तुम्हाला टँगोची प्राथमिक पावलं येतात, पुण्या-मुंबईत किंवा परदेशात वर्ग केला आहे, पण ब्युनोस आयर्सची रात्र अजून पाहिलेली नाही, असं धरून लिहिते आहे.

मिलोंगा म्हणजे टँगो नाचण्यासाठी जमलेली सभा. (याच नावाचा एक जलद ताल आणि नाचही आहे, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.) तिथल्या रीतींना कोदिगोस म्हणतात. या रीती दोन प्रकारच्या आहेत, हे ध्यानात आलं की निम्मा गुंता सुटतो. काही रीती अनोळखी माणसांना एकमेकांच्या मिठीत सुखरूप नाचता यावं म्हणून आहेत. त्या जवळजवळ सगळीकडे जिवंत आहेत, अगदी विशीतल्या मुलांच्या मिलोंग्यातही. बाकीच्या रीती पुरुषाने काय करायचं आणि बाईने काय करायचं ते ठरवतात. त्या झपाट्याने बदलत आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच होतं आहे. पुढची प्रत्येक पायरी वाचताना ही विभागणी मनात ठेवा.

१. आधी कुठला टँगो ते ठरवा

पर्यटकांना जेवणासोबत दाखवतात तो रंगमंचावरचा टँगो. उंच फेकलेले पाय, कंबरेत वाकलेली बाई, दातात गुलाब. मिलोंग्यात यातलं काही नसतं. संगीतबारीतली लावणी आणि सिनेमातली लावणी यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही आहे. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या, पण एकीचे ठुमके दुसरीच्या बैठकीत चालत नाहीत.

तिसरा प्रकार प्राक्तिका, म्हणजे सरावाची जागा. तिथे मधेच थांबून बोललेलं चालतं, चुकलेलं पुन्हा करता येतं, भूमिका (चालवणारी व्यक्ती म्हणजे लीडर, चालणारी म्हणजे फॉलोअर) बदलता येतात. पहिल्या आठवड्यात प्राक्तिकाच गाठा. या सरावाला मोठी परंपरा आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्युनोस आयर्सचे तरुण पुरुष मिलोंग्यात जाण्याआधी पुरुषांबरोबरच सराव करत. आधी समोरचा चालवेल तसं चालायला शिकायचं आणि मग स्वतः चालवायला, असा क्रम असे. दोन पुरुषांनी एकत्र नाचणं ही आजची टूम आहे असं कुणी सांगितलं, तर एवढं आठवा.

२. सोबत काय हवं

कागदपत्रं आणि पैसे:

- पासपोर्ट आणि व्हिसा. भारतीयांसाठीचे नियम, विशेषतः अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांसाठीचे, बदलत आले आहेत. दिल्लीतला दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास काय सांगतो तेवढंच धरा. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका.
- प्रवास विमा. घोटा मुरगळला तर उपयोगी पडतो.
- सुबे कार्ड. बस आणि भुयारी रेल्वे दोन्हींसाठी.
- प्रवेशशुल्कासाठी रोख पेसो. महागाईमुळे गेल्या वर्षीच्या लेखातली रक्कम आज निरर्थक असते, म्हणून इथेही आकडा देत नाही.

नाचासाठी:

- चामड्याच्या किंवा स्वेडच्या तळव्याचे बूट, वेगळ्या कापडी पिशवीत. रबरी तळवा फरशीला चिकटतो आणि गुडघ्यावर ताण येतो. जुन्या वळणाच्या मिलोंग्यात बायका टेबलाशी बसून बूट बदलत नाहीत, प्रसाधनगृहात जाऊन बदलतात.
- छोटा टॉवेल, पंखा, पुदिन्याच्या गोळ्या, एक जादा शर्ट. मिठी घट्ट असते, समोरच्याच्या नाकाचा विचार करा. अत्तर कमीच.
- ऑगस्टात जात असाल तर गरम कपडे. तिथे तेव्हा हिवाळा असतो, आणि जागतिक टँगो स्पर्धाही त्याच महिन्यात भरते.

वेळेचं गणित वेगळंच आहे. ब्युनोस आयर्स भारताच्या साडेआठ तास मागे. रात्रीचे मिलोंगे दहा-अकराला सुरू होतात आणि पहाटे तीन-चारपर्यंत चालतात. पहिले दोन-तीन दिवस झोपेसाठी मोकळे ठेवा, किंवा दुपारी-संध्याकाळी भरणाऱ्या मिलोंग्यांपासून सुरुवात करा.

३. कान तयार करा

पावलांपेक्षा यावर जास्त वेळ घालवा असं मी आग्रहाने सांगेन. मिलोंग्यात वाजणारं बहुतेक संगीत साधारण 1935 ते 1955 या वीस वर्षांतलं आहे. याला टँगोचं सुवर्णयुग म्हणतात. चार वाद्यवृंद ओळखता आले तरी रात्र सोपी जाते: हुआन दारिएन्सो, कार्लोस दी सार्ली, आनिबाल त्रोइलो आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे. दारिएन्सो तालाचा राजा. 1935 च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी त्याच्याकडे पियानोवर आला आणि वेग वाढला, ठोका धारदार झाला, तरुण पुन्हा नाचायला लागले. दी सार्ली संथ आणि रुबाबदार, चालायला शिकवणारा. त्रोइलोत गायक आणि वाद्यं एकमेकांत मिसळतात. पुग्लिएसे सगळ्यात अवघड. त्याचा ठोका कधी ओढला जातो, कधी थांबतो. तो कम्युनिस्ट होता आणि अनेकदा तुरुंगात गेला. त्या काळात त्याचा वाद्यवृंद त्याच्याशिवाय वाजवत असे आणि रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवलेलं असे.

गाणी सुटी वाजत नाहीत, तांद्यात वाजतात. तांदा म्हणजे एकाच वाद्यवृंदाच्या तीन-चार रचनांचा संच. दोन तांद्यांच्या मध्ये कोर्तिना, म्हणजे भलत्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, त्यावर सगळे फरशी मोकळी करून जागेवर जातात. साधारण क्रम असा: दोन तांदे टँगोचे, एक वाल्सचा (तीन ठोक्यांच्या तालातला टँगो), पुन्हा दोन टँगोचे, मग एक मिलोंगाचा.

इथे जुन्या-नव्याचा पहिला वाद भेटतो: संगीतकार आस्तोर पियाझोला. जगभरात टँगो म्हटलं की त्याचं नाव पुढे येतं, पण पारंपरिक मिलोंग्यात तो जवळजवळ वाजत नाही. त्याची सुरुवात त्रोइलोच्याच वाद्यवृंदात झाली. तिथे तो बांदोनिऑन (अकॉर्डियनसारखं भात्याचं वाद्य) वाजवायचा आणि संगीतसंयोजन करायचा. पुढे त्याने ऐकण्यासाठीचा टँगो घडवला आणि नाचणाऱ्यांनी पाठ फिरवली. गायक कार्लोस गार्देलच्या गाण्यांवरही नाचायचं नाही असा जुना संकेत आहे, तो ऐकण्यासाठी. 2000 नंतर गोतान प्रोजेक्टसारख्या गटांनी इलेक्ट्रॉनिक संगीत आणलं आणि काही मिलोंग्यांनी ते स्वीकारलं. मला पियाझोला प्राणप्रिय आहे. तरीही गजबजलेल्या फरशीवर पन्नास जोड्यांना एका चालीत ठेवायला सुवर्णयुगाचाच ठोका हवा, हे तिथे नाचलात की पायांनाच कळतं.

४. मिलोंगा निवडा

त्या त्या दिवशी कुठे काय आहे ते ओय मिलोंगा या संकेतस्थळावर मिळतं. एकाच सभागृहात वेगवेगळ्या वारी वेगवेगळे आयोजक असतात आणि त्यानुसार वातावरणही पालटतं. त्यामुळे सभागृहाच्या नावापेक्षा वार आणि आयोजक पाहा. ढोबळमानाने असं:

पारंपरिक: एल बेसो आणि लो दे सेलिया ही नावं तुम्ही ऐकाल. विया उर्किसा भागातला सुंदरलँड क्लब बास्केटबॉलच्या मैदानावर भरतो, तिथे आजोबा-नातवंडं एका टेबलावर दिसतात. पोशाख नीटनेटका हवा.

मधले: पालेर्मोतला सालोन कॅनिंग. स्थानिक, परदेशी, व्यावसायिक सगळे.

मोकळे: आल्माग्रोतलं ला कातेद्राल, जुन्या गोदामासारखं, अंधारं, जीन्समध्ये गेलं तरी कुणी पाहत नाही. पालेर्मोतलं ला विरुता, जिथे नाचाआधी वर्ग होतो. बेलग्रानो भागातल्या बागेतली ला ग्लोरिएता, उघड्यावरच्या मंडपात. सुरुवात इथून करा.

क्विअर टँगो (समलिंगी आणि इतर लैंगिक ओळखींच्या लोकांनी घडवलेला): 2001 मध्ये हँबुर्गला क्विअर टँगोचा पहिला महोत्सव झाला. ब्युनोस आयर्समध्ये ला मार्शल आणि मारियाना दोकाम्पोने सुरू केलेला तांगो क्विअर या दोन मिलोंग्यांनी ही जागा घडवली. कोण चालवणार आणि कोण चालणार हे इथे लिंगावरून ठरत नाही. तुम्ही स्वतः क्विअर नसलात तरी जा, भूमिका बदलायला शिकण्यासाठी यापेक्षा मायाळू जागा मी पाहिलेली नाही.

५. जागा आरक्षित करा आणि बसवतील तिथे बसा

पारंपरिक ठिकाणी आधी आयोजकांना व्हॉट्सअॅपवर कळवा. ते दाराशी भेटतात आणि जागा दाखवतात. स्वतःहून रिकामी खुर्ची धरू नका, ती वर्षानुवर्षं ठरलेल्या कुणाची तरी असते. अतिपारंपरिक ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष समोर आणि जोडपी मागे, अशी बैठक असते.

सापळा: नवरा-बायको किंवा मित्र-मैत्रीण एकत्र बसलात, तर तुम्ही फक्त एकमेकांबरोबर नाचणार असं धरलं जातं आणि दुसरं कुणी विचारत नाही. इतरांबरोबर नाचायचं असेल तर वेगळं आत जा, वेगळं बसा.

वेगळ्या बाजूंना बसवण्याची ही रीत दुसऱ्या प्रकारातली, आणि ती कमी होत चालली आहे. तरुण मिलोंग्यांत मिश्र टेबलं असतात. पण जिथे अजून आहे तिथे वाद घालू नका. समोरासमोर बसल्यामुळे नजर पोचते, आणि पुढची पायरी नजरेचीच आहे.

६. नजरेने विचारणं

हा या लेखाचा गाभा. मिरादा म्हणजे नजर टाकणं, काबेसेओ म्हणजे मानेने केलेली हलकी खूण. तांदा सुरू झाला की पहिल्या काही सुरांत वाद्यवृंद ओळखायचा, कुणाबरोबर नाचावंसं वाटतं ते ठरवायचं आणि त्या व्यक्तीकडे पाहायचं. नजर मिळाली आणि टिकली की एकाने मान किंचित हलवायची, दुसऱ्याने होकार द्यायचा. नाचायचं नसेल तर नजर हळूच दुसरीकडे वळवायची. झालं. कुणाचा अपमान नाही, कुणाला कारण द्यावं लागत नाही, शेजारच्या टेबलाला पत्ताही लागत नाही.

भरल्या सभागृहात एखाद्याने टेबलाशी येऊन हात पुढे केला तर नाही म्हणणं किती अवघड होतं याचा विचार करा, विशेषतः नवख्या बाईला. काबेसेओ त्या कोंडीतून सोडवतो. म्हणूनच स्त्रीवादी आणि क्विअर मिलोंग्यांनीही तो टाकला नाही, पुष्कळांनी तो जपला. बदललंय ते इतकंच की मान हलवण्याचा मान आता फक्त पुरुषाचा राहिला नाही. खरं तर पूर्वीही बाईने पाहिल्याशिवाय पुरुषाची खूण वायाच जायची.

प्रत्यक्ष कसं करायचं:

- अंतर लांब असेल तर नजर स्थिर ठेवा, भिरभिरती नको. आपल्याकडे अनोळखी माणसाकडे रोखून पाहू नये असं शिकवलेलं असतं, त्यामुळे आपल्याला हे सुरुवातीला जड जातं. घरी आरशासमोर नको, प्राक्तिकेत सराव करा.
- खूण झाली तरी विचारलं गेलेल्याने लगेच उठू नये. चालवणारी व्यक्ती समोर येऊन उभी राहीपर्यंत नजर तुटू देऊ नका. मागच्या टेबलावरच्या कुणाला खूण होती आणि तुम्ही उठलात, असं नको व्हायला.
- मोबाइल पिशवीत. पडद्यात डोकं घातलेल्या माणसाला कुणी विचारू शकत नाही.
- चश्मा लागत असेल तर घालून बसा आणि नाचताना टेबलावर ठेवा.

सापळा: तांदा चालू असताना दोन गाण्यांच्या मध्ये 'ग्रासियास' म्हणू नका. आपल्याला वाटतं सभ्यपणे आभार मानले; तिथे त्याचा अर्थ 'आपलं नाचणं संपलं' असा होतो आणि समोरची व्यक्ती तुम्हाला जागेवर सोडायला निघते. आभार तांद्याच्या शेवटीच. हाच शब्द मनाविरुद्धच्या नाचातून सुटण्याचा दरवाजाही आहे, हे लक्षात असू द्या.

अजून एक. पारंपरिक ठिकाणी एकाच व्यक्तीबरोबर लागोपाठ तांदे नाचलात तर बघणारे त्याचा अर्थ लावतात. एक तांदा नाचा, मग बसा.

७. फरशीवर

सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने, गोलाकार पुढे सरकतात. याला रोंदा म्हणतात. आत शिरताना येणाऱ्या जोडीतल्या चालवणाऱ्याकडे पाहा, त्याने किंवा तिने खूण केली की मगच शिरा. पुढच्या जोडीला मागे टाकू नका, उलटं पाऊल रोंद्याच्या विरुद्ध टाकू नका, पाय फरशीलगत ठेवा. गाणं सुरू झाल्याबरोबर नाचायला लागायचीही घाई नको. स्थानिक लोक सुरुवातीचे काही सूर गप्पांत घालवतात आणि मग मिठीत येतात. फरशीवर समोरच्याला शिकवणं हा मोठा गुन्हा मानतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

मिठी किती जवळची असावी यावर बरीच भांडणं झाली आहेत. 1990 च्या दशकात गुस्तावो नावेइरा आणि फाबियान सालास या नर्तकांनी हालचालींची रचना उकलून पाहिली, त्यांच्या वर्तुळात चिचो फ्रुम्बोली पुढे आला, आणि मोकळ्या मिठीतल्या मोठ्या हालचाली जगभर पसरल्या. त्याच सुमाराला जवळच्या मिठीतल्या, कमी जागेत मावणाऱ्या नाचालाही 'मिलोंगेरो शैली' हे नाव चिकटलं आणि ती 'खरी' म्हणून शिकवली जाऊ लागली. म्हणजे ज्याला आपण जुनं म्हणतो त्याचं नावही फार जुनं नाही. नवख्याने एवढंच करावं: गर्दी असेल तर जवळ आणि लहान, जागा असेल तर हवं तसं, आणि किती जवळ यायचं ते चालणाऱ्या व्यक्तीला ठरवू द्यावं.

८. दोन्ही भूमिका शिका

जमलं तर पहिल्या वर्षापासून. बायकांनी चालवायला, पुरुषांनी चालायला. अर्जेंटिनाने 2010 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली, लॅटिन अमेरिकेत पहिल्यांदा. 2013 पासून जागतिक टँगो स्पर्धेतही समलिंगी जोड्यांना भाग घेता येऊ लागला. मिलोंग्यांत मात्र अजून चित्र संमिश्र आहे. मध्यम आणि मोकळ्या ठिकाणी दोन बायका नाचताना सहज दिसतात, दोन पुरुष त्या मानाने कमी. अतिपारंपरिक ठिकाणी आयोजक येऊन हळूच थांबवू शकतात. तिथे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जाण्याआधी संदेश पाठवून विचारणं सगळ्यात सोपं.

९. त्रास झाला तर

परंपरेच्या नावाखाली बायकांनी बरंच सोसलं आहे. नको तिथे गेलेला हात, 'शिकवतो' म्हणून केलेली जबरदस्ती. 2015 मध्ये अर्जेंटिनात बायकांवरच्या हिंसेविरुद्ध 'नी उना मेनोस' ही मोठी चळवळ उभी राहिली, तिची लाट टँगोतही आली. मोविमिएन्तो फेमिनिस्ता दे तांगो या गटाने मिलोंग्यात छळ झाल्यास आयोजकांनी काय करावं याची कार्यपद्धती तयार केली. म्हणून:

- नकोसं वाटलं तर त्याच क्षणी 'ग्रासियास' म्हणा आणि फरशी सोडा. गाणं संपायची वाट पाहू नका.
- आयोजकांना सांगा. स्पॅनिश येत नसेल तर आधीच एक वाक्य मोबाइलवर लिहून ठेवा.
- पहाटे परतताना ओळखीच्यांबरोबर किंवा अॅपवरची टॅक्सी करून या.

१०. शेवटचा तांदा

शेवटी ला कुम्पार्सिता वाजतं. 1916 च्या सुमारास उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओत, खेरार्दो मातोस रोद्रिगेस या तरुण विद्यार्थ्याने ते रचलं. टँगो या दोन देशांमधल्या रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांचा आहे. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीतही तो अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्या संयुक्त नावाने गेला. या गाण्यासाठी कुणाला तरी आधीपासून मनात धरून ठेवा, कारण जोडपी यावेळी एकमेकांकडेच वळतात. नाचून झालं की जोडीदाराला टेबलापर्यंत सोडा, आयोजकांचा निरोप घ्या आणि निघण्याआधी पुढच्या आठवड्याची जागा सांगून ठेवा. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला बरं टेबल मिळतं.